धबधब्यावरचे मासे

दुपारी अहवाल पुढे गेला, की वरचा ओढा पाइपात बंद होणार होता. कारण काय, तर अहवालातली एक ओळ: 'धबधब्याच्या वर मासे आढळले नाहीत.' चष्म्याच्या दुकानात काचा घासणाऱ्या आणि सुट्टीला त्याच ओढ्यावर गळ टाकणाऱ्या ताईला ती ओळ अशी झोंबली, की तिने आदल्या दिवशीच पाहणी खात्याचं ऑफिस गाठलं.

"तुम्ही स्वतः वर चढला होतात का, साहेब?"

साहेब नको तेवढा वेळ चष्मा पुसत बसले. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

"मग उद्या सकाळी सहाला निघू. मासा दाखवते, अहवाल बदला. नाही दाखवला, तर तुमच्या कागदावर साक्षीदार म्हणून मी सही करते."

निघाले तिघं. तिसरा ताईचा धाकटा भाऊ, वायरमन. त्याच्याकडे नवीकोरी नऊ फुटी कार्बनची गळकाठी. ताईकडे फायबरग्लासची, सहा फुटांची, हलकी आणि नरम.

"ताई, हिने मासे धरणार की जळमटं काढणार?"

"तू आधी चढ. तोंडाने चढता येत नाही."

धबधब्याशेजारचा कडा शेवाळाने बुळबुळीत झालेला. निम्म्यावर साहेबांचा पाय सटकला! ताईने कॉलर धरली. धाकट्याने खालून टाच रेटली. साहेब वाचले, त्यांचा फोन मात्र खडकांवर आपटत खाली गेला. भिजू नयेत म्हणून बाकीचे दोन फोन गाडीत ठेवलेले. झालं, आता फोटोही नाही.

वर पोचल्यावर मात्र सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. दोन्ही काठांवरची झाडं एकमेकांत गुंतलेली, आणि त्यांच्याखालून जेमतेम खोलीएवढ्या रुंदीचा ओढा दगडांमागे थांबत, लहान लहान डोह करत आरामात येत होता.

धाकट्याने ऐटीत काठी मागे नेली. दोरी फांदीत अडकली, त्याने हिसडा दिला आणि कट्‌! टोकच मोडलं. साहेब पुढे होऊन डोहात डोकावले.

"बघा, काही नाही."

"खाली बसा, साहेब. तुमच्याआधी तुमची सावली त्यांना भेटते."

ताई गुडघ्यांवर रांगत पुढे गेली. पिसांची नकली माशी तिने चिमटीत धरून मागे ताणली. काठी कमानीसारखी वाकली. सोडली! माशी फांद्यांखालून सरळ डोहात. काही नाही. पुन्हा. काही नाही. चौथ्यांदा पाणी उसळलं, मासा लागला!

मासा मुळांकडे धावला. ताठ काठी असती, तर बारीक दोरा तुटलाच असता. ही मुठीपर्यंत वाकली, पण तिने दोरा सांभाळला. ताई कंबरभर गार पाण्यात शिरली आणि तिने वीतभर, ठिपकेदार मासा ओंजळीत घेतला.

धाकटा म्हणाला, "मारून खाली नेऊ. पुरावा होईल."

"ह्यांना वाचवायला आलो आणि ह्यांनाच मारू? साहेबांचे डोळे आहेत ना पुरावा." तिने गळ काढून मासा सोडला.

साहेब चाचरत म्हणाले, "पण... एखादा खालून आलेला असेल."

"हा धबधबा चढून?" ताईचं डोकं फिरलं. "ठीक आहे. तुम्ही लिहीपर्यंत मी पाण्यातून बाहेर येत नाही."

आणि नाहीच आली. दुसरा मासा आला. तिसरा आला. धाकटा 'पुरे गं' म्हणाला, तोवर तिने पुढची माशी सोडली. ओठ निळे पडले, बोटं दुखायला लागली, तरी माशी ताणून सोडणं चालूच. पाचवा मासा जेमतेम बोटाएवढा होता.

"हात ओले करा," ती साहेबांना म्हणाली, आणि ते पिल्लू तिने त्यांच्या तळहातावर ठेवलं. "हे कुठून चढून आलं, सांगा."

साहेबांनी ते थरथरणारं पिल्लू पाहिलं. मग स्वतःच वाकून हलकेच पाण्यात सोडलं. त्यांनी पिशवीतून अहवाल काढला, 'आढळले नाहीत' खोडलं आणि वर लिहिलं: 'आहेत. पिल्लंही आहेत.' कागद घडी करून ते आत ठेवायला लागले.

ताईचे दात वाजत होते, तरी ती बोललीच, "खाडाखोडीशेजारी सही लागते, साहेब."

साहेबांनी सही केली. तेव्हा कुठे ती बाहेर आली.