लुसेरोच्या शिंगावरची रेघ

“गाडी आत न्यायची असेल तर माझ्या अंगावरून न्या,” एर्मेलिंदा म्हणाली आणि तिनं फाटकात बैल हाकायची पराणी आडवी धरली.

काल दुपारपासून ती तिथून हलली नव्हती. साठी ओलांडलेली विधवा. पायांत रबरी बूट, डोक्याला फडकं. तिच्या मागं गुऱ्हाळाचं रिंगण, आणि रिंगणात तिची बैलजोडी, लुसेरो आणि कानेलो. लुसेरोचं डावं शिंग वाळलेल्या रक्तानं काळपट झालं होतं. फाटकाबाहेर, अरुंद चढावर, खाटकाची गाडी उभी होती.

त्या शिंगानं काल भरदुपारी गुऱ्हाळाच्या मुकादमाला, आन्सेल्मोला, मारलं, असं सारं सान कासिमिरो म्हणत होतं. माणूस मारलेलं जनावर दुसऱ्या दिवशी कापायचं, ही गावाची रीत. पोलीस नासारियोनं कशीबशी बाराच्या घंटेपर्यंत मुदत दिली होती.

आता साडेनऊ झाले होते.

सान होसेहून पहिल्या बसनं आलेला तोबियास चढ चढून धापा टाकत होता. दुकान विकून घरी बसलेला औषधवाला. पोट पुढं, बुद्धी जरा मागं. त्याच्यापुढं चार पावलं त्याची वहिनी, दोमितिला; लोक तिला आदरानं ‘दोन्या’ म्हणत. पंधरा वर्षं ती खासगी तपासाची कामं करत होती. तिचा आवाज कधी चढत नसे आणि गळ्यातली जपमाळ कधी उतरत नसे. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासातला आज शुक्रवार, म्हणून सकाळपासून पोटात नुसती काळी कॉफी.

“निरोप तूच धाडलास ना?” तिनं एर्मेलिंदाला विचारलं.

“मीच, दोन्या. मला जमीन नाही, लेक नाही. ही जोडी भाड्यानं लावते आणि जगते; गेल्या महिन्यात मालकाची स्वतःची जोडी मेली, तेव्हापासून इथं आहे. एक गेला की दुसरा उपाशी. पण ते राहू द्या. माझ्या लुसेरोनं माणूस मारलेला नाही. बारा वर्षं ओळखते मी त्याला.”

“जनावर ते,” तोबियास म्हणाला. “बिथरलं असेल.”

“तुम्ही कधी बिथरता, साहेब?”

“मी? कधीतरी.”

“मग तो तुमच्यापेक्षा शांत आहे.”

वहिनीच्या ओठांचा कोपरा हलला. ती फाटकातून आत शिरली आणि सरळ लुसेरोजवळ गेली. तोबियास आपला फाटकाशीच थांबला.

रक्त शिंगाच्या टोकापासून खाली माखलेलं होतं. पण बुडाशी, दोन बोटं रुंदीचा पट्टा स्वच्छ होता. पट्ट्याच्या कडेला रक्त असं थांबलं होतं, जणू पट्टी लावून रेघ मारली.

“शिंग धुतलंस का गं?”

“हात नाही लावला. धुतलं असतं तर म्हणाले असते, बाई लपवते.”

“काय दिसलं, वहिनी?” तोबियासनं विचारलं.

“रेघ.”

“बस्स?”

“सध्या बस्स.”

जू जमिनीवर पडलं होतं. शिंगांना बांधायची कातडी वादी शेणात तुडवलेली होती. वहिनीनं ती काठीनं उचलली.

“बैल कोण सोडायचं?”

“आन्सेल्मोच. रोज बाराला, जेवणाच्या सुट्टीत. वाद्यांचे जुवाला तीन वेढे द्यायचा आणि जू खुंटीला लावायचा. देवळातल्या दिव्यासारखं जपायचा हो!”

वहिनीनं वादी वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत टाकली. मग घाण्याच्या लांब आडव्या लाकडाखाली वाकून, खालच्या बाजूच्या एका रिकाम्या भोकात तिनं बोट घातलं.

“इथं काय असतं?”

“खीळ. जू लाकडाला अडकवायची. लोखंडी, दीड वीत, गाजरासारखी निमुळती...” एर्मेलिंदा चमकली. “अगं बाई, कुठं गेली?”

“आत्ता कुणाशी बोलू नकोस,” वहिनी हळूच म्हणाली.

काहिलीजवळ आन्सेल्मोचा भाचा एवारिस्तो बसला होता. काहील थंड, डोळे लाल. त्यानं दोघांना सवयीनं किटलीतलं गुळाचं कढत पाणी दिलं.

“काल बाराला तू कुठं होतास?”

“इथंच. पाक वर आला होता, क्षण सोडला तर करपतो. समोर दोन बाया चिपाडं चुलीत सारत होत्या, विचारा त्यांना. पाक साच्यात ओतला, मामाला जेवायला हाक मारायला गेलो, तर...” त्यानं मान फिरवली. “बैल सुटे होते. मी फाटकाखालून हात घालून मामाला ओढून काढला. बरगडीखाली भोक.”

“मामा आजारी होता का?”

“मनगटावर काळा फोड होता. दुखत नाही म्हणायचा. शनिवारी खाली शहरात जाणार होता, कुठं माहितीय? गुरांच्या डॉक्टरकडं! मी हसलो. म्हणालो, मामा, शेपूट फुटली का?” त्यानं बाहीनं डोळे पुसले. “आणि आमचे मालक, दॉन फाब्रिसियो, बघा. मामाला अजून मातीसुद्धा दिली नाही, आणि हे काल संध्याकाळीच लोहाराकडं नवी खीळ सांगून आले, दुसरी जोडीही ठरवून आले. घाणा थांबता कामा नये!”

तोबियास शेडच्या भिंतीला टेकला होता. भिंतीवर बैलाची दोन कातडी खिळे ठोकून ताणली होती. दोन्हींवर गोलातला ‘फ’ डागलेला.

“काय जाड कातडं आहे,” त्यानं कौतुकानं थोपटलं. “जन्मभराचे बूट होतील.”

वहिनीनं तिकडं पाहिलं, आणि प्रथमच तिचा चेहरा कठोर झाला.

“भावजी, हात धुवा. साबणानं. दोनदा.”

“आता काय जेवायचंय?”

“धुवा म्हणते ना.”

खाटीक मासेदोनियो कंटाळून रिंगणात आला होता. त्यानं लुसेरोच्या खांद्यावर थाप मारली, शिंग धरून मान वाकडी केली, दात पाहिले. लुसेरो शेपूट हलवत उभा राहिला.

“गरीब आहे बिचारा,” खाटीक म्हणाला. “पण मी काय करणार, बाई? मला घाई नाही. उपासातला शुक्रवार, मांसाला कुत्रं विचारत नाही. मी म्हटलं सोमवारी नेतो. दॉन फाब्रिसियो म्हणाले, आजच. वर म्हणतात, मुंडकं विकू नकोस, पुरून टाक. सांगा! मुंडक्याचा रस्सा गावात सगळ्यात आधी संपतो.”

“गेल्या महिन्यात त्यांची स्वतःची जोडी मेली. ती तुमच्याकडं आली होती?”

“नाही. पुरली म्हणे.”

गुऱ्हाळाचा मालक दॉन फाब्रिसियो कुंपणाबाहेर छत्रीखाली उभा होता. पांढरा सदरा, पॉलिशचे बूट.

“तुमच्या बैलांना काय झालं होतं?” वहिनीनं नम्रपणे विचारलं.

“साप. दोघं एकाच ठिकाणी चरत होते. अख्खेच्या अख्खे, चुना टाकून, टेकडीमागं पुरले. कायदा पाळणारा माणूस आहे मी.”

“काल बाराला?”

“ओसरीवर झोपलो होतो. एवारिस्तो ओरडला तेव्हा आलो. इथंच, कुंपणापाशी उभा राहिलो. सुट्या बैलांत मी पाऊल टाकत नाही. काल टाकलं नाही, आज टाकत नाही.” तो एर्मेलिंदाकडं वळला. “आणि हे नाटक कशाला, बाई? बैल म्हणजे चालतो तोवर गडी, थकला की रस्सा. रविवारी तूही तोच रस्सा ओरपतेस.”

“ओरपते,” एर्मेलिंदा म्हणाली. “हाडसुद्धा चोखते. म्हणून त्याच्यावर आळ घेऊ देईन असं वाटलं तुम्हाला?”

पावणेबाराला वहिनीनं सगळ्यांना फाटकाशी बोलावलं. नासारियोनं वही काढली. तिनं पिशवीतली वादी काढून बादलीत खळबळली. शेण निघालं, पण एका घडीवरचा गडद डाग निघाला नाही. मग लुसेरोच्या शिंगाच्या बुडाशी, त्या स्वच्छ पट्ट्यावर, तिनं वादी गुंडाळली.

वादीवरचा डाग आणि शिंगावरचं रक्त एकमेकांना जाऊन मिळाले.

“अरे देवा,” तोबियास पुटपुटला.

“शिंगाला रक्त लागलं तेव्हा वादी शिंगावर होती,” वहिनी म्हणाली. “म्हणजे बैल जुवाला बांधलेले होते. एर्मेलिंदा, बांधलेला बैल मान किती हलवतो?”

“चार बोटं. दोघांची डोकी एका लाकडाला जखडलेली असतात, दोन्या. माशी हाकलता येत नाही, माणूस कुठला मारतोय!”

“म्हणजे रक्त माणसाच्या हातानं फासलं गेलं. मग त्यानं वादी सोडली, कारण बांधलेला बैल शिंग मारत नाही हे गावातलं पोरही जाणतं. आन्सेल्मो सोडलेल्या वादीचे जुवाला तीन वेढे द्यायचा. ही शेणात पडली होती. सोडणारा आन्सेल्मो नव्हता.”

“पण त्यानं आधी बैल का नाही सोडले, आणि मग का नाही फासलं?” नासारियोनं विचारलं. “म्हणजे रेघ उमटलीच नसती.”

“तेच तर. कारण सुट्या बैलाच्या शिंगाला हात लावायची त्याची छाती नव्हती. मासेदोनियोनं माझ्यासमोर हेच शिंग धरून मान वळवली. त्याला बांधायची गरज काय? एवारिस्तो पाकावर होता, दोन साक्षीदार आहेत.” ती वळली. “दॉन फाब्रिसियो, हे शिंग मुंडक्यासकट पुरायची घाई तुम्हालाच होती. आत या. हे शिंग धरून दाखवा.”

फाब्रिसियो एक पाऊल मागं सरला. “मी बैलांना भितो, हा गुन्हा आहे?”

“नाही. पण लोहाराकडं नवी खीळ सांगणं हा पुरावा आहे. जुनी नाहीशी झालीय हे आज सकाळी मी भोकात बोट घातलं तेव्हा कळलं, बैलांच्या मालकिणीलासुद्धा. भोक लाकडाच्या खालच्या बाजूला आहे, कुंपणापासून दिसत नाही. तुम्ही तर रिंगणात पाऊल टाकलं नव्हतं. मग काल संध्याकाळी तुम्हाला कसं कळलं?”

कानेलोनं फुसकारा सोडला.

“पण मामाचं आणि यांचं वैर नव्हतं,” एवारिस्तो म्हणाला.

“वैर नव्हतं, भीती होती. अख्खे पुरलेल्या बैलांची कातडी भिंतीवर कशी आली, बाळ? ते सापानं मेले नाहीत. काळपुळीचा रोग होता; त्यात जनावर न सोलता गाडावं लागतं. यांनी ते सोलून घेतले, तुझ्या मामाकडून. त्याच्या मनगटावर काळा फोड आला. म्हणून तो गुरांच्या डॉक्टरकडं निघाला होता. औषध मागायला नाही, सांगायला. मांस कुठं गेलं, दॉन फाब्रिसियो?”

“एका मुक्या बैलापायी माझ्यावर...” त्याचा सदरा घामानं चिकटला होता. “खीळ कुठाय? दाखवा की!”

हे बोलताना त्याची नजर एकदाच फाटकालगतच्या चिपाडाच्या ढिगाकडं गेली. एकदाच, पण वहिनीला तेवढी पुरली.

नासारियोनं ढीग उपसला. खीळ निघाली. टोकापासून वीतभर काळी.

“काल रात्रीच काढली असती मी!” फाब्रिसियो किंचाळला. “ही थेरडी हलेल तर ना इथून! मांस खालच्या बाजारात गेलं, दोनशे माणसांनी खाल्लं, कोण मेलं? एकटा आन्सेल्मोच बोंबलत होता, सांगतो म्हणून!”

एवारिस्तो त्याच्यावर धावला. तोबियासनं त्याला कवेत धरलं; एवढ्या कामाला ते पोट उपयोगी पडलं.

“नासारियो,” वहिनी म्हणाली, “आधी बाजारात माणूस धाडा. ते मांस कुणी कुणी खाल्लं, शोधा. आणि ती कातडी कुणी हातानं काढू नये.”

फाब्रिसियोला घेऊन नासारियो ओसरीकडं गेला, आणि त्याच वेळी देवळाची बाराची घंटा झाली. एर्मेलिंदानं पराणी खाली ठेवली. कालपासून पहिल्यांदा. तिची बोटं सरळ होईनात.

“आता धुऊ का, दोन्या?”

“नासारियोनं लिहून घेतलंय. धू.”

तिनं बादलीभर पाण्यानं शिंग धुतलं, फडक्यानं पुसलं. मग जू उचललं. वादीचं दुसरं टोक तिनं न विचारता तोबियासच्या हातात दिलं, आणि त्यानं, देवाचं नाव घेत, सुट्या लुसेरोसमोर उभं राहून ते धरलं.

मासेदोनियो गाडीच्या दाराला टेकून पाहत होता. “येईलच कधीतरी माझ्याकडं, बाई. सगळे येतात.”

“येईल. म्हातारा होऊन, माझ्या हातानं येईल, आणि त्या दिवशी मी मान खाली घालणार नाही. मी मांस खाते, मासेदोनियो. खोटं नाही खात.” तिनं पराणीनं रस्ता दाखवला. “गाडी मागं घे.”

“इथं वळायला जागा कुठाय?”

“म्हणून तर म्हणते, मागं घे.”

चढाच्या दोन्ही बाजूंना ऊस होता. गाडी घरघरत उलटी निघाली, वळणावळणाला थांबत, थेट देवळापर्यंत. आणि तिच्या तोंडासमोर, आपल्या चालीनं, जराही घाई न करता, लुसेरो आणि कानेलो उतरत राहिले.