कॅलेंडरवरचे पाच गोल

पालिकेची कुत्रागाडी पाच वाजता येणार होती. शिवणकामवाल्या ताईने दुकानाचं शटर अर्धं ओढलं, आपल्या कुत्र्याला, बटणला, मशीनच्या पायाशी बांधलं आणि कात्री घेऊन दारातच बसली.

"त्याला न्यायचं असेल तर आधी मला उचला म्हणावं."

समोर उभ्या टाचणीला हे आवडलं. टाचणी म्हणजे खाजगी गुप्तहेर. तिचं खरं नाव कुणी घेत नाही. ती बोलली की टोचतं, म्हणून टाचणी. सोबत तिचा मामा, रिटायर्ड बस कंडक्टर.

"झालं काय ते सांग, ताई."

"शेजारच्या गोठ्यातली गाय परवा मेली. आज रिपोर्ट आला, रेबीज. चार तारखेला बटण तिच्या पायाला चावला होता, ती शिंगं रोखून आली म्हणून. मालकाने अर्ज ठोकला. गल्लीतली सगळी कुत्री उचला, आधी हा."

"याला लस?"

ताईने कार्ड पुढे केलं. दोन वर्षं, दोन शिक्के. "कुत्रागाडीचे साहेब म्हणतात, शिक्का कुणीही मारतं."

बटणने मामाच्या हातातलं बिस्कीट हाणलं आणि वर लपलप पाणी प्यायला.

"आज तारीख काय, मामा?"

"चौदा."

"दहा दिवस झाले, आणि हा पाणी पितोय. लक्षात ठेव."

"पिणारच. उकडतंय केवढं."

गोठ्यात चार गायी होत्या. पाचवी गव्हाण रिकामी. तिच्या शेजारचा लाकडी खांब गुडघ्याच्या उंचीवर पार कुरतडलेला, आणि त्यालाच कुत्र्याचं एक नवं पिल्लू बांधलेलं. दुधाचे दात होते बिचाऱ्याचे.

मालक खुर्चीतून उठला नाही.

"गाय आजारी कधी पडली?" टाचणीने विचारलं.

"सात तारखेला. लाळ गाळत होती, गिळता येईना. मी म्हटलं घशात काहीतरी अडकलंय, धार काढणाऱ्या मावशींना हात घालून बघायला सांगितलं. मी आपला इथे दारात. मला लाळ बघवत नाही."

"या पिल्लाच्या आधी कोण होतं?"

"मोठा कुत्रा. गेल्या महिन्यात मेहुण्याला दिला."

"त्याला लस टोचली होती?"

"राखणीच्या कुत्र्याला सुई टोचली की मऊ पडतो तो. कुठल्याही गोठेवाल्याला विचारा."

मामा भिंतीपाशी रेंगाळत होता. "शेठ, महिना अर्धा सरला, तुमचं कॅलेंडर अजून मागच्याच पानावर. आणि हे गोल कसले? दोन, पाच, नऊ, सोळा, तीस. लॉटरी का?"

"चाऱ्याच्या गाडीच्या तारखा," मालक म्हणाला. "झालं असेल तर निघा."

मागे मावशी धार काढत होत्या. उजव्या हाताच्या दोन बोटांना चिंधी.

"गायीच्या दाताने सोललं," त्या म्हणाल्या. "कोपरापर्यंत हात घातला, निघालं काहीच नाही. मालक म्हणाले, एवढ्याशाने काय होतंय."

"मोठा कुत्रा कसा होता, मावशी?"

"गुणी होता गं. जायच्या आधी दोन दिवस घसा बसला होता त्याचा. भुंकला की नुसती हवा. आम्ही म्हटलं, सर्दी."

तेवढ्यात चाऱ्याची हातगाडी आत आली.

"ही रोज येते?"

"सकाळ-संध्याकाळ. जनावरांना काय उपास असतो?"

टाचणी हसली नाही. चिंधीकडे बघून तिचं डोकं सणकलं होतं.

पाच वाजता गाडी आली. साहेब कुत्री पकडायचा फास घेऊन उतरले. टाचणीने त्यांना थेट गोठ्यात नेलं. मागून ताई आली, कात्रीसकट.

"साहेब, कुत्र्याने चावा घेतला तेव्हा त्याच्या लाळेत रेबीज असेल, तर तो दहा दिवसांत मरतो. बटण चारला चावला. आज चौदा. तो बिस्कीट मागतोय. आणि चारला चावलं, सातला गाय आजारी? तीन दिवसांत रेबीज दिसत नाही. आठवडे लागतात. म्हणजे गायीला गेल्या महिन्यात कुणीतरी चावलं. कोण?"

"रस्त्यावरचं कुठलं तरी," मालक म्हणाला.

"रस्त्यावरचं कुत्रं तुमच्या गोठ्यात बसून खांब कुरतडेल? पिल्लाला ते जमणार नाही. घसा बसलेला, लाकडाला चावत सुटलेला, लस न टोचलेला कुत्रा या गायीच्या शेजारी बांधलेला होता."

"तो मेहुण्याकडे मजेत आहे."

"लावा फोन. एकदा भुंकून दाखवू दे."

मालकाने खिशाला हातसुद्धा लावला नाही.

"बरं, चारा रोज दोनदा येतो," टाचणी म्हणाली. "मग हे गोल? दोनपासून मोजा. तीन दिवसांनी पाच, सात दिवसांनी नऊ, चौदा दिवसांनी सोळा, अठ्ठावीस दिवसांनी तीस. साहेब, तुमच्या खात्यात हा हिशोब पाठ असतो ना?"

साहेबांनी फास खाली ठेवला. "कुत्रं चावल्यावरची इंजेक्शनं."

"तो यांनाही चावला होता," मामा हळूच म्हणाला. त्याला आत्ता कळलं.

"शाब्बास, मामा. पाचही सुया घेतल्या यांनी. गाय लाळ गाळायला लागली तेव्हा गोठ्यात फक्त यांनाच ठाऊक होतं की ते काय असू शकतं. म्हणून दारात उभे राहिले. आणि मावशींना म्हणाले, घाला हात."

पिल्लू साखळीशी खेळत होतं.

"गोठ्याचं लायसन्स गेलं असतं," मालक पुटपुटला. "लस नसलेला कुत्रा गोठ्यातच पिसाळून मेला म्हणून."

"आता जाईलच," साहेब म्हणाले. "आणि कुत्री उचलायची नाहीत. उद्या गल्लीतल्या सगळ्यांना टोचायचं, या पिल्लापासून."

मावशींनी बादली खाली ठेवली. चिंधी सोडून बोटं नळाखाली धरली, साबण घासघासून लावला. "मी मरते का, पोरी?"

"नाही, आत्ता निघालात तर. उशीर झालाय, वेळ गेलेली नाही. जखमेत सीरमचं इंजेक्शन आणि मग लसीच्या सुया. साहेब, गाडी आता रिकामीच परत जाणार ना?"

साहेबांनी गाडीचं पुढचं दार उघडलं. मावशी निघाल्या, मग मागे वळल्या. भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यावरून काढलं, मालकाच्या डोळ्यांसमोर जुनं पान टरकन फाडून त्याच्या मांडीवर टाकलं आणि बाकीचं काखेत मारलं.

"अहो, ते माझं आहे," मालक म्हणाला.

"आता गोल मी काढणार," मावशी म्हणाल्या, आणि गाडीत बसल्या.