मृण्मयीचा ठसा

मिरजेच्या त्या जिममध्ये वजनं उचलायला शिकावं लागत नसे. ते शिकणं अंगात भरून मिळे. शरीर कसं हलतं याची नोंद घेता येते आणि ती दुसऱ्याच्या स्नायूंना शिकवता येते, हा शोध लागून वीस वर्षं झाली होती. त्या नोंदीला ‘ठसा’ म्हणत. अंगाला चिकटून बसणारा एक पोशाख चढवायचा, की त्यातल्या बारीक तारा प्रत्येक स्नायूला कधी आणि किती आकसायचं ते सांगत. ट्रेनरचा ठसा लावला, की ढेरपोट्या माणूसही पहिल्याच दिवशी ताठ पाठीने बैठका मारी. दुसऱ्या दिवशी त्याला पलंगावरून उठता येत नसे, ती गोष्ट वेगळी.

हृषीकेश गोडबोले एकाहत्तर वर्षांचे. पलंगाखाली गेलेली चप्पल काढणे, ही त्यांची व्यायामाची व्याख्या. त्यांना दारात पाहून ट्रेनर सलोमी गायकवाड उठून उभीच राहिली.

“या काका! माझा ठसा लावू? की ज्येष्ठांसाठीचा हलका?”

“मृण्मयीचा आहे ना तुझ्याकडे?”

सलोमीने मान डोलावली. मृण्मयीकाकू सहा वर्षं तिच्याकडे येत होत्या. पुढेमागे आजारपणात स्नायू विसरले तर त्यांना परत शिकवता यावं, म्हणून प्रत्येक सभासदाचा ठसा जपला जाई. काकू गेल्या पौषात गेल्या. सहा वर्षं त्या नवऱ्याला ‘चल की रे, एकदा तरी चल’ म्हणत होत्या आणि काका ‘सोमवारपासून’ म्हणत होते.

“आज सोमवार आहे,” काका म्हणाले.

ठसा सगळ्या अंगाचा, त्याच्या सगळ्या सवयींसकट असे. त्यातून नुसता व्यायाम वेगळा काढता येत नसे. पाच बैठका झाल्या आणि काकांचा डावा हात आपसूक वर गेला, कानामागे बट सारायला. काकांना टक्कल होतं. ते तिथेच चटईवर बसले आणि हमसाहमशी रडले. रडतानाही पाठ ताठ होती. ती मृण्मयीची होती.

मग ते रोज येऊ लागले. नवव्या दिवशी सलोमीने त्यांना बाजूला घेतलं.

“काका, उद्यापासून माझा ठसा घ्या.”

“का? बायको वाईट शिकवते माझी?”

“चांगलं शिकवतात, तीच पंचाईत आहे. अंगातला शर्ट जाणवतोय तुम्हाला?”

“आता तू विचारलंस म्हणून.”

“तेच. सवयीची गोष्ट मेंदू कळवत नाही. काकूंचा ठसा तुम्हाला अजून परका आहे, म्हणून त्यात त्या जाणवतात. वीसेक वेळा लावला की तो तुमचाच होईल. हालचाली राहतील, काकू नाही राहणार.”

“मग मी काय करायचं?”

“वर्षातून एकदा लावायचा. तसा जन्मभर पुरेल.”

वर्षातून एकदा! बायको माहेरी गेली तरी महिन्याने परत यायची. “बघतो,” म्हणून काका गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता हजर झाले. “आजचा शेवटचा,” म्हणाले. असे त्यांचे अकरा शेवटचे झाले. सलोमीला नाही म्हणता यायला हवं होतं. पण तो चेहरा समोर आला की तिला ते जमत नसे.

“आज चालू नाही केलास का गं?” एके दिवशी त्यांनी विचारलं.

“काका, चाळीस मिनिटं झाली.”

काका आपल्या हातांकडे बघत राहिले. ते त्यांचेच हात होते, दुसऱ्या कुणाचे नव्हते. त्यानंतर ते जिमला आले नाहीत.

पुढच्या रविवारी पुण्याहून मुलगी आली, अन्विता. प्रवासाने कोमेजली होती. काकांनी चहा केला, कप तिच्या हातात दिला आणि जाता जाता मुठीची पालथी बाजू तिच्या गालाला टेकवून ताप पाहिला.

अन्विताच्या हातातला कप लवंडला.

“आई,” ती म्हणाली.

“काय गं? भाजलं का?”

तिने त्यांचा हात दोन्ही हातांनी धरला आणि गालाशी दाबून ठेवला. “बाबा, पुन्हा कर ना.”

“काय करू?”

“आत्ता केलंस ते. आईसारखं.”

काकांनी हात सोडवून घेतला, उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला.

“मी काय केलं?” त्यांनी विचारलं.