धोपा शिजला, चिंच राहिली

दोघांचे हात एकाच जुडीवर पडले.

आलापल्लीचा आठवडी बाजार, पावसाची भुरभुर, आणि सुकरीबाईच्या पाटीत धोप्याची – म्हणजे अळूच्या पानांची – शेवटची जुडी. दिव्यानीने देठ धरले होते, त्याने पानं. तो सोडेना, तीही सोडेना. सुकरीबाईने विचारलं, फाडून देऊ का अर्धी अर्धी?

"घेऊन जा," तो म्हणाला. "पण मले जेवायले बोलवा लागन."

"ओळख ना पाळख, अन् जेवायले?"

"ओळख होऊन तर राह्यली ना."

हा हेमराज. लाकडाच्या डेपोत कामाला. हसला की मान एका बाजूला कलते. त्यानंतर तो प्रत्येक बाजारात भेटला. मग बाजार नसतानाही…

*

पानं धुवा. देठ सोला. हाताला तेल लावा, नाहीतर खाज सुटते.

तेल लावलं तिने. आज श्रावणातला सोमवार. तिला उपास, त्याला जेवण – बोलावणं एकदाचं गेलं होतं. ओळखीचा आहे, असं तिने आईला सांगितलं. किती ओळखीचा, असं आईने विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता वाडीत निघून गेली.

चणाडाळ, शेंगदाणे भिजवून घ्या. पानं बारीक चिरा. सगळं एकत्र शिजवा. मग –

मग फोन वाजला.

उद्या सकाळी मामा त्याला राजुऱ्याला नेणार होता. मुलगी पाहायला. आत्ताच ठरलं, हेमराज सांगत होता. मी येतो जेवायला, पण… जेवण झाल्यावर तुझ्याशी बोलायचं आहे. तुझ्या आईसमोरच.

मग –

मग काय? पळी हातात तशीच. बेसन लावलं? लावलं. मीठ? टाकलं. जिरं-मिरचीची फोडणी तडतडली, की ते तिच्या छातीतच तडतडत होतं? उपास, त्यामुळे चव घ्यायची सोय नाही. अंगणात मोटारसायकल थांबली.

*

पहिला घास घेऊन तो थांबला. वर पाहिलं. ती दाराला खांदा लावून उभी.

"कशी झाली भाजी?"

"…भारी."

त्याने पुन्हा वाढून घेतली. घटाघटा पाणी प्याला. त्याचे डोळे भरून आले, आणि दिव्यानीला वाटलं – अगं बाई, इतकं?

मग आई जेवायला बसली. एक घास, आणि ताट पुढे सरकवलं.

"पोरी, चिंच टाकली नाई तू."

चुलीमागे वाटीत चिंचेचं पाणी जसंच्या तसं होतं. आंबट नसलेला धोपा घशाला काट्यांनी ओरबाडतो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत.

"काऊन खाल्ला मग?" दिव्यानी जवळजवळ रडत म्हणाली. "दोनदा वाढून घेतला… मले सांगाचं नाई का?"

हेमराजने तोंड उघडलं. नुसतीच हवा बाहेर आली. जे बोलायला तो आला होता ते घशातच अडकलं, आणि सकाळी मामाची गाडी दारात उभी राहणार होती.

तिने त्याच्या हातावर चिंचेचं बुटूक ठेवलं. बोटं जरा जास्तच वेळ तिथे राहिली. ते चोखत, तोंड वेडंवाकडं करत, त्याने खिशातून फोन काढला. मामाला लावला. पलीकडून हॅलो, हॅलो. याचा आवाज फुटेना. शेवटी त्याने फोन तिच्यासमोर धरला.

दिव्यानीचे कान तापले. तरी घेतला.

"मामाजी… हेमराज उद्या राजुऱ्याले येत नाई."

"काऊन? अन् तू कोण बोलून राह्यली?"

तिने हेमराजकडे पाहिलं. लाल डोळे, सुजलेले ओठ, आणि मान हलतेय – सांग, सांग. आईकडे बघायचं धाडस झालं नाही.

"मी… त्याची होणारी बायको."

"हेमराज, खरं हाय का हे?" मामाने पलीकडून विचारलं. इकडे आईच्या हातातलं पाणी अर्ध्यावर थांबलेलं. हेमराज फोनवर वाकला, त्याचा गाल तिच्या गालाशी आला, आणि फाटक्या, खरखरत्या आवाजात तो एवढंच म्हणाला,

"हो, मामा."