नव्वदच्या आत

दोन तास खरवडून मी खड्ड्याची भिंत तयार केली होती, आणि तो नेमका तिच्याच काठावर येऊन उभा राहिला.

"अहो... हवामान केंद्र इकडेच ना?"

मी वर बघेपर्यंत त्याच्या बुटाखालची कड ढासळली. अर्धी माती माझ्या डोक्यावर, उरलेली वहीत. मी खड्ड्यात कमरेपर्यंत उभी, हातात मातीचा रंग ताडून बघायची रंगपट्टी, केसांत ढेकळं, आणि हे महाशय वरून पत्ता विचारतायत.

"मागे व्हा."

"कुठे मागे?"

"कुठेही. जिथे मी खणलेलं नाही तिथे."

तो दोन पावलं मागे सरला आणि फारच नम्रपणे म्हणाला, "चुकलं. बसमधून चुकीच्या थांब्यावर उतरलो."

"केंद्र इथून सोळा किलोमीटर आहे. आणि तुम्ही आत्ता ज्याच्यावर नाचलात ना, ते माझ्या तीन वर्षांचं काम आहे."

माती तपासणाऱ्यासाठी खड्ड्याची भिंत म्हणजे काय असते, ते याला कसं सांगू? वरचा काळा थर, मधली एकमेकांवर घासून चकचकीत झालेली ढेकळं, तळाशी चुनखडीचे खडे. हे सगळं त्या उभ्या कापात वाचायचं असतं. कुणी पुस्तकाच्या पानावर चिखलाचे पाय दिले तर तुम्ही काय म्हणाल? मी तेच म्हणणार होते, पण तेवढ्यात आभाळ फाटलं. ऐन उन्हाळ्यात, ध्यानीमनी नसताना. खोदणारे काका जेवायला गेले होते. ताडपत्री एकटीला आवरेना. तो काही न विचारता खड्ड्यात उतरला आणि दुसरं टोक धरून उभा राहिला. पाऊण तास आम्ही दोघं ती ताडपत्री डोक्यावर धरून... भिजतच राहिलो, कारण तिला मधोमध भोक होतं.

"तुम्ही काय काम करता?" मी विचारलं. काहीतरी बोलायला हवं होतं. तो फार जवळ उभा होता.

"पाऊस मोजतो."

"म्हणजे पाऊसमोजे."

त्याने खाली, चिखलात बुडालेल्या पायांकडे पाहिलं. "मोजे तर पावसानं मोजले."

मला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून स्वतःचाच राग आला.

महिन्याभराने कळलं की तो आमच्याच कार्यालयात, दुसऱ्या मजल्यावर नेमला गेलाय. माझ्या अहवालावर हवामानाच्या बाजूने मत द्यायचं काम त्याचं. तेव्हापासून जिन्यात भेटला की मान तुकवायचा, मी पण तुकवायचे. एकदा त्याने विचारलं, "भिंत बरी आहे ना?" एवढंच. तेवढ्यावर मी दोन दिवस गुणगुणत होते, हे कबूल करायला आज हरकत नाही.

आणि मग त्याचं मत आलं.

आता माझी माती काय चीज आहे ते आधी सांगते. ती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते, रुसूबाईसारखी. आमच्या नियमावलीत अशा मातीचा प्रकार ठरतो तो वर्षातले किती दिवस भेगा उघड्या राहतात त्यावर. नव्वदच्या आत मिटल्या तर एक प्रकार. नव्वद भरले तर दुसरा. पलीकडच्या सगळ्या मैदानात दुसराच, म्हणजे नऊ नंबरचा. माझा खड्डा होता त्या उतारावरच्या भेगा चौऱ्याऐंशीव्या दिवशी मिटल्या होत्या, आम्हाला भिजवणाऱ्या त्याच पावसाने. म्हणजे ही माती वेगळी होती. म्हणजे यादीत एक नवा प्रकार, आणि त्याच्या पुढच्या 'वर्णन केले' या रकान्यात माझं नाव. तीन वर्षं मी त्या एका रकान्यासाठी उन्हात भाजून घेत होते.

त्याच्या कागदावर लिहिलं होतं: पर्जन्याच्या आकड्यांनुसार भेगा एकशे अठरा दिवस उघड्या. माती नऊ नंबरचीच. सोबत तक्ता. आम्ही भिजलो त्या तारखेसमोर पाऊस— शून्य.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कागद घेऊन मी दोन-दोन पायऱ्या एकदम चढले. तो टेबलाशी बसून पेन्सिलीला टोक काढत होता.

"त्या दिवशी शून्य?"

त्याने तारीख बघितली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "केंद्रावर शून्यच आहे."

"तुम्ही भिजला होतात."

"भिजलो होतो."

"नखशिखांत."

"हो."

"मग शून्य कसं लिहवलं तुम्हाला?"

"मी काही पर्जन्यमापक नाही," तो शांतपणे म्हणाला. "अंगावर किती मिलिमीटर पडला ते मला सांगता येत नाही. जे मोजलेलं नाही, ते मी लिहीत नाही."

अशा माणसाचं काय करावं? मी अर्धा तास त्याला झाडलं. खुर्चीत बसून मातीचं बारसं करणारे, मातीला हात न लावता तिचं नाव बदलणारे, आयत्या बिळावरचे नागोबा... माझं संपेपर्यंत त्याने ऐकून घेतलं. मग विचारलं, "पान उलटलंत का?"

मी पान उलटलं नव्हतं. मागे लिहिलं होतं: केंद्र उतारापासून सोळा किलोमीटर दूर असून हे आकडे तिथे लागू पडतील असे नाही. उतारावर मापक बसवावा, दोघांनी मिळून एक हंगाम मोजणी करावी, तोवर निर्णय थांबवावा. साहेबांची मंजुरीसुद्धा घेऊन ठेवली होती.

चूक माझी होती, म्हणून मला आणखीनच राग आला. मी "बरं" म्हणाले आणि दार जोरात लावून बाहेर पडले.

तर असा आमचा हंगाम सुरू झाला. पाच भेगा निवडल्या, प्रत्येकीशेजारी खुंटी ठोकली. बारीक सळई आत सोडायची. वीतभर गेली तर भेग उघडी. पाचातली एक जरी उघडी असली तरी तो दिवस मोजायचा. आधी आठवड्यातून एकदा, मग दोनदा, पुढे जवळजवळ रोज. तो पहिल्या बसने यायचा, आणि दर वेळी खुंटीपाशी मान वाकडी करून पुटपुटायचा, "कशा आहात बाई?" मला नाही, भेगेला.

काका फावडं टेकून म्हणायचे, "याची बस आता कधीच चुकत नाही, पाहिलंत का?"

मी त्याला मातीची वळी करायला शिकवली. ओली माती अंगठा आणि बोटामध्ये दाबत दाबत तिची पट्टी पुढे सरकवायची. जितकी लांब न तुटता जाईल तितकी माती चिकण. त्याची बोटभरसुद्धा जाईना.

"तुम्ही घाई करता," मी म्हणाले, आणि त्याचा अंगठा नीट धरून दाखवला. नीट धरायला जरा वेळच लागला.

"असं?"

"हळू... अजून हळू."

पट्टी त्याच्या मनगटापर्यंत आली आणि लोंबत राहिली. दोघांनीही ती तोडली नाही.

दुसऱ्या एका दिवशी मी रंगपट्टीवर ढेकूळ लावून बघत होते, तर त्याने पट्टी माझ्या हातून घेतली आणि माझ्या गालाजवळ धरली.

"काय चाललंय?"

"रंग बघतोय. मातीला दोनच रकाने असतात ना, कोरडी असताना आणि ओली असताना? तुम्हाला तिसरा लागेल. रागावल्यावर."

"रागावण्यासारखं वागू नका मग."

"मग तो रंग कधी बघायचा?"

मी पट्टी हिसकावून घेतली. घरी येऊन आईपुढे त्याचा पाढा वाचला: हा असा, हा तसा, हा आगाऊ, हा आकड्यांचा गुलाम. आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तीन वर्षं मातीत घातलीस ती घातलीस, आता हे काय नवीन? मी लग्नाआधी तुझ्या बाबांना एवढ्या शिव्या घातल्या नव्हत्या."

"आई, मी त्याच्या विरुद्ध बोलतेय."

"ऐकतेय की. सकाळपासून तिसऱ्यांदा."

दिवस पुढे सरकत होते आणि आभाळ कोरडं ठाक. सत्तर. पंच्याहत्तर. ऐंशी. मी ढगांवर चिडायचे, केंद्रावर चिडायचे, साहेबांवर चिडायचे. त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं की नव्वद भरले तर हा विषय बंद, उतार नऊ नंबरात, आणि मी पुन्हा प्रयोगशाळेत, चाळण्या धुवायला. तो फक्त आकडा लिहायचा. पण दिवस वाढेल तसा त्याचा चेहरा माझ्यापेक्षा उतरत चालला होता, आणि त्याचाही मला राग येत होता. माती माझी, सुतक याला.

शहाऐंशीव्या दिवशी पाऊस आला. मापकात बावीस मिलिमीटर. मी भर उतारावर नाचायचीच बाकी राहिले. अठ्ठ्याऐंशीला दोन भेगा मिटल्या, एकोणनव्वदला आणखी दोन.

नव्वदाव्या दिवशी सकाळी आम्ही पाचव्या खुंटीपाशी उकिडवे बसलो. काका खाली रस्त्याकडेला चहा आणायला गेले होते. वरून बघितलं तर भेग मिटल्यासारखी दिसत होती, केसाएवढी रेघ फक्त.  त्याने सळई टेकवली, जरा दाबली.

सळई आत गेली. वीतभर, आणि वर दोन बोटं.

आम्ही दोघंही तिच्याकडे बघत राहिलो.  तीन वर्षं, चौदा खड्डे, माझा तो एक रकाना... सगळं त्या सळईवरून खाली गेलं.

त्याने सळई बाहेर काढली. पुसली. पुन्हा पुसली. मग माझ्याकडे न बघता, अगदी हळू आवाजात म्हणाला, "चार तर मिटल्यात. ही... संध्याकाळपर्यंत मिटेलच. आत्ताच मिटली असं लिहिलं तर... इथे आपण दोघंच आहोत."

मला आधी कळलंच नाही तो काय म्हणतोय. मग कळलं, आणि जो काही संताप आला, तो आयुष्यात कधी आला नव्हता.

"काय म्हणालास?"

"तुझी तीन वर्षं—"

"माझी तीन वर्षं माझ्यापाशी राहू दे. तू खोटं लिहिणार? तू? जे मोजलं नाही ते लिहीत नाही म्हणून ज्याने माझ्या तोंडावर माझं काम पाडलं, तो तू? त्या दिवशी घरी जाऊन मी उशीत तोंड खुपसून रडले, तुला शिव्या घातल्या, आणि तरी मनात म्हणाले की माणूस असावा तर असा. आणि आता माझ्यासाठी माती खायला निघालास? मला नको आहे असला नवा प्रकार. खोटं न लिहिणारा माणूस आवडला होता मला. त्याचं काय करून ठेवलंस?"

बोलून गेले, आणि काय बोलून गेले ते मग माझ्या ध्यानात आलं. 'तुम्ही' कधी गळून पडलं तेही कळलं नव्हतं. 

"आवडला होता?" तो म्हणाला. "...होता?"

"विषय बदलू नकोस."

"मी चुकलो. तुला हरताना बघवलं नाही, म्हणून चुकलो. पुन्हा नाही." त्याचे डोळे भरले होते. "पण तेवढं सांग. होता की आहे?"

मी वही मांडीवर उघडली. अक्षरं डोळ्यांपुढे पोहत होती. लिहिलं: दिवस नव्वद, पाचवी भेग— उघडी. सही केली आणि वही त्याच्यापुढे सरकवली. त्याने माझ्या सहीखाली सही केली. त्याने पेन खाली ठेवलं, तेव्हा मी त्याचा हात धरला.

"आहे," मी म्हणाले. "पण मी भयंकर चिडलेली आहे."

"दिसतंय. तिसरा रकाना."

"हसू नकोस."

खालून काका चहा घेऊन वर आले, आमच्याकडे बघून तिथेच थांबले आणि दुसरीकडे बघत किटली हलवत राहिले. माझी तीन वर्षांची माती नऊ नंबरात गेली होती, आणि मी इतकी चिडले होते की त्याचा हात सोडायचंच विसरले.