मेयरांचा हात

मधुवंतीने वाकून सासऱ्यांचा हात आपल्या कपाळाला लावायला दोन्ही हात पुढे केले, आणि त्यांनी तो अलगद कोटाच्या खिशात घातला!

हॅमिल्टनच्या त्या घराच्या दारात तिचे हात तसेच रिकामे राहिले. थोरांचा हात कपाळाला लावून आशीर्वाद घ्यायचा, ही फिलिपिन्सची रीत पुण्याच्या या सुनेने नवऱ्याकडून, आर्नेलकडून, किती हौसेने शिकून घेतली होती! पण सासरे म्हणजे काही साधी असामी नव्हे. वर्षानुवर्षं आपल्या शहराचे मेयर. सलग तीन खेपांची कायद्याची मर्यादा आली की खासदार, आणि मग पुन्हा मेयर... शहरातल्या शेकडो लग्नांत ते तिकडच्या रीतीप्रमाणे वधूवरांचे धर्मपिता म्हणून उभे राहिले, मात्र पोटच्या मुलाच्या लग्नाला आले नाहीत. आपली गादी चालवायची सोडून मुलगा न्यूझीलंडला राहिला तो या बाईपायीच, अशी त्यांची खात्री होती. राजकारणातून निवृत्त झाल्यावर आता कुठे ते नातीला बघायला आले होते.

"बसा ना, ताताय," मधुवंती म्हणाली. वडिलांना तिकडे तसंच म्हणतात. डोळ्यांतलं पाणी तिने पापण्यांतच अडवलं, आणि स्वानंदीच्या वाढदिवसाचं औक्षणाचं तबक घेऊन ती बाहेर आली.

तिने लेकीला कुंकू लावलं, ओवाळलं. मेयर एकटक बघत होते.

"आज दहा मे... आजच वाढदिवस?"

"येस, लोलो! आय ॲम फोर!" नातीने आजोबांना चार बोटं दाखवली.

मतदारांच्या मुलाबाळांचे वाढदिवस तोंडपाठ असणाऱ्या या माणसाने नातीचा कधी विचारलाच नव्हता. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

"दोन हजार चार... दहा मे... तो तर माझ्या मतदानाचा दिवस!" ते पुटपुटले. "आर्नेल, तू तर तेव्हा माझ्याजवळ होतास!"

"तिनेच पाठवलं होतं," आर्नेल म्हणाला. "तुमची ती निवडणूक हातची जात होती, ताताय. डॉक्टरांनी तिला अंथरुणातून उठू नको सांगितलं होतं, ते तिने मला कळूही दिलं नाही. स्वानंदी वेळेआधीच झाली. शेजारच्या सुलभाताईंनी तिला हॉस्पिटलला नेलं. मी फोनवर निघतो म्हटलं, तर म्हणाली, 'मोजणी संपेपर्यंत पेट्यांपासून हलू नकोस.' आणि तुम्हाला सांगायचं नाही, अशी शपथ घातली."

"पण का, पोरी? मी तर तुला सून म्हणून..."

"माझे बाबा लग्नाआधीच गेले, ताताय." आता मात्र तिला रडू आवरेना. "मला वडील म्हणून तुम्हीच उरला होता. तुम्हाला हरलेलं कशी बघणार होते मी?"

मेयर उठले. सवयीने त्यांनी कोट नीट केला, जणू समोर चौक भरून माणसं उभी होती.

"जिंकलो त्या रात्री मी सगळ्यांचे आभार मानले... ड्रायव्हरपासून बिशपपर्यंत! जिच्यामुळे माझा मुलगा माझ्या पाठीशी उभा राहिला, तिच्या एकटीचं नाव राहून गेलं..."

त्यांनी खिशातून हात काढला. मधुवंती तो घ्यायला कृतार्थ होऊन वाकली. पण त्यांनीच तिचा हात धरला, पांढरं डोकं झुकवलं आणि तो आपल्या कपाळाला लावला!

"अहो ताताय, हे काय! आशीर्वाद तुम्ही द्यायचा!"

"आज तू दे," ते म्हणाले, "आणि मला माफ कर."

मधुवंतीला वाटलं, इतक्या वर्षांत देवाकडे मागितलेलं सगळं आज एकदमच पदरात पडलं. आर्नेल भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होता.

"लोलो, यू हॅव कुंकू!" स्वानंदी टाळ्या पिटत ओरडली. मधुवंतीच्या बोटांचं ओलं कुंकू त्यांच्या कपाळावर उमटलं होतं. आर्नेलने रुमाल पुढे केला, तो मेयरांनी बाजूला सारला आणि तसेच ते केक कापायला नातीशेजारी बसले.