डावीकडचा झटका

मिरजेजवळच्या यंत्र-संशोधन केंद्रात ट्रॅक्टरमागचा बॅकहो, म्हणजे खोदाईचा यांत्रिक हात, डावीकडे वळताना झटका देत होता, आणि मेकॅनिक रमाकांत सुतवणेला मनातून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. या स्वयंचालित यंत्राला खोदाई शिकवली होती मृणाल खोडकेनं. आता तिचाच हात 'गुरुहात' म्हणून राज्यभरातल्या यंत्रांत उतरवायचं ठरत होतं. आणि त्या पोरीला लिव्हर धरायला शिकवलं कुणी? यानंच. जन्म गेला तेलात हात घालण्यात आणि मान मिळाला तिला, मग जळफळाट होणार नाही तर काय होणार!

काम मात्र त्यानं चोख केलं. सिलिंडरची सीलं बदलली, पिना आणि बुश नवे घातले, तेलातली हवा काढली. दर वेळी स्वतः चालवून पाहिलं. झटका कमी व्हायचं सोडा, वाढतच गेला.

"लोखंडात दोष नाही," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. "दोष शिकवणाऱ्या हातात आहे."

यंत्राला माणसाचा हात शिकवणारं 'हस्तस्मृती' तंत्र शोधणाऱ्या डॉ. सय्यद मॅडम शांतपणे म्हणाल्या, "रमाकांतराव, हस्तस्मृती नुसता हात साठवत नाही. त्या क्षणी यंत्रासमोर कोण होतं, तेही साठवते. माणूस दिसला की चालवणाऱ्याचा हात जसा बदलतो, तसंच यंत्र पुढे वागतं. आणि जो चालवेल, त्याच्याकडून ते शिकत राहतं."

यंत्राच्या डावीकडच्या आपल्या नेहमीच्या टेबलाशी मृणाल बसली होती. मॅडमनी तिला यंत्राभोवतीच्या सुरक्षा-दोरीबाहेरून उजव्या बाजूला जायला सांगितलं आणि यंत्र आपोआप चालू केलं. डावीकडे बकेट लोण्यासारखी वळली. उजवीकडे मात्र दाणकन झटका बसला.

"बघा, तिच्यामुळेच होतंय," रमाकांत म्हणाला.

"तिच्यामुळेच. पण शिकवताना ती सीटवर होती. यंत्राला ती समोर दिसणार कशी?" मॅडमनी विचारलं. "तिला समोर बघत लिव्हर कुणी धरला?"

रमाकांतच्या तोंडचं पाणी पळालं. तेल गरम करायला रोज सकाळी यंत्र चालवायचा तो. दुरुस्तीनंतर चाचणी घ्यायचा तो. आणि टेबलाशी बसलेली मृणाल दिसली की त्याचं डोकं फिरायचं आणि लिव्हरवरची मूठ आवळायची.

"स्मृती पुसून टाका मग," तो पुटपुटला.

"पुसली तर मृणालचं सगळं शिकवणं जाईल, गुरुहातही जाईल. उपाय एकच. ज्या हातानं हा झटका शिकवला, त्याच हातानं, ती समोर असताना, नीट चालवून दाखवायचं."

मृणाल दोरीपलीकडे उभी राहिली. "काका, सावकाश," ती म्हणाली. "तुम्हीच सांगायचात ना, बोटांनी धरायचा, मुठीनं नाही."

तो सीटवर बसला. स्वयंचलन बंद झालं. आता यंत्र सर्वस्वी त्याच्या हातात होतं. त्याला खरंच नीट चालवायचं होतं. हे सगळ्यांसमोर मिटावं, एवढंच त्याला हवं होतं. त्यानं लिव्हर दोन बोटांत धरला, श्वास सोडला आणि मृणालकडे पाहिलं.

बकेट दाणकन तिच्या दिशेनं वळली.

"पुन्हा," मॅडम म्हणाल्या.